एवढे पैसे देऊन तंबूत कशाला झोपायचं?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. यंदा आमच्या लग्नाला वीस वर्षं होतायत आणि ह्यांच्या डोक्यात केनिया, मसाई मारा असं घुसलंय. बरोबर सासूबाई (वय 71, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा चालत नाही) आणि मुलगी (वय 11). एजंटने दोन कोटेशन दिलीत. एक लक्झरी लॉज, 'मसाई मारा रिझर्व्हला लागून', इन्फिनिटी पूल, स्पा, टीव्ही सगळं आहे. दुसरा कुठल्यातरी कॉन्झर्व्हन्सीतला कॅम्प, तिथे तंबू, पूल नाही, कुंपण नाही, आणि भाव जवळजवळ दीडपट! हे म्हणतात दुसरंच घेऊ. सासूबाई म्हणतात सिंहांच्या रानात कापडाच्या भिंतीआड मी झोपणार नाही. जाऊबाई म्हणतात एवढ्या पैशात दहा वेळा ताडोबा होईल. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. मी काय करू?
– गोंधळलेली, नाशिक"

अगं गोंधळलेली, आधी अभिनंदन, वीस वर्षांचं आणि नवऱ्याला दागिन्याऐवजी सफारी सुचली त्याचंही. आता तुला आवडो न आवडो, या वेळी ह्यांचं बरोबर आहे. फक्त का बरोबर आहे ते त्यांनी तुला नीट सांगितलेलं दिसत नाही, किंवा एजंटने त्यांना सांगितलेलं नाही.

हे बघ, 'रिझर्व्हला लागून' या दोन शब्दांत एजंट लोक काय वाट्टेल ते बसवतात. मसाई मारा रिझर्व्ह म्हणजे नारोक काउंटीतलं साधारण 1510 चौरस किलोमीटरचं गवताळ रान, दक्षिणेला थेट टांझानियाच्या सेरेंगेटीला जोडलेलं, मध्ये कुंपण नाही. आता याला लागून राहायचं तर दोन प्रकारे राहता येतं. एक म्हणजे सेकेनानी, तलेक अशा गेटांच्या बाहेर जी वस्ती वाढलीय तिथे, दुकानं, गॅरेज, साधी हॉटेलं, भारी लॉजेस सगळं तिथेच. लॉज आतून कितीही देखणं असू दे, प्राणी बघायला तुला रोज गेटातून आत जावं लागणार, गेट सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बाहेर, आणि प्रत्येक दिवसाचं तिकीट वेगळं.

दुसरा प्रकार म्हणजे कॉन्झर्व्हन्सी, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, ओल किन्येई वगैरे. ही जमीन सरकारची नाही, हॉटेलवाल्यांचीही नाही, मसाई कुटुंबांची आहे. सामायिक जमिनीची वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडे पडले, ते तुकडे शेजारशेजारच्या लोकांनी पुन्हा एकत्र ठेवले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले, भाडं दर महिन्याला जमीनमालकाच्या खात्यात जमा होतं, पाहुणे कमी आले म्हणून कापायचं नाही असा मूळ करार (कोविडमध्ये पाहुणेच नव्हते तेव्हा ब‍ऱ्याच ठिकाणी तेही घसरलं, ते सोड). बदल्यात त्या जमिनीवर कुंपण घालायचं नाही, गुरं ठरल्याप्रमाणेच चारायची. आणि कॅम्पवाल्यांनाही लगाम आहे, किती एकरांमागे किती तंबू हे ठरलेलं, एका सिंहापाशी किती गाड्या थांबणार हेही ठरलेलं. या सगळ्या कॉन्झर्व्हन्सी मिळून जवळजवळ रिझर्व्हएवढीच जमीन होते आणि मधे तारेचं कुंपण नाही, त्यामुळे प्राणी तेच, माणसं मात्र फार कमी. तू जास्तीचे पैसे देतेयस ते या मोकळ्या जमिनीचे, तंबूचे नाहीत. नाशिकला क्लबमध्ये पूल आहे ना, मग पूलसाठी केनियाला कशाला जायचं!

शिवाय नियम वेगळे. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला बंदी, अंधार पडल्यावर फिरायला बंदी, खाली उतरून चालायला बंदी. कॉन्झर्व्हन्सीत गाइडबरोबर या तिन्ही गोष्टी होतात, म्हणजे रात्री स्पॉटलाइट घेऊन निघता येतं, सकाळी मसाई गाइडबरोबर पायी फिरता येतं (मुलीला बहुधा नेणार नाहीत, बहुतेक कॅम्प 12 वर्षांखालच्यांना वॉकला घेत नाहीत, आधीच विचार नाहीतर तिथे रुसवा).

मी नाबोइशोत होते तेव्हाचं एक सांगते म्हणजे तुला कळेल मी काय म्हणतेय. सकाळचे साडेसहा, गाडी उघडी, कडाक्याचा गारठा, मांडीवर ब्लँकेट आणि त्याखाली गरम पाण्याची पिशवी, ती कॅम्पवालेच देतात. वारुळावर एक टोपी उभं होतं (हो, नाव खरंच टोपी, हरणासारखं तांबूस जनावर, मांड्यांवर निळसर काळे डाग), एकाच दिशेला टक लावून, हलेचना. आम्ही सगळे त्याचेच फोटो काढत बसलो तर गाइड म्हणाला त्याच्याकडे नको, ते जिकडे बघतंय तिकडे बघा. गाडी रस्ता सोडून हळूहळू गवतातून नेली आणि झुडपाच्या बुडाशी सिंहीण, तिची पिल्लं, त्यातलं एक सारखं आईच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करतंय आणि घसरतंय. इंजिन बंद. अर्धा पाऊण तास आम्ही तिथे. लांबवर दुसरी एक गाडी थांबलेली, आम्ही निघाल्यावरच ती पुढे आली. हेच रिझर्व्हमध्ये सीझनला बघशील तर एका बिबट्याभोवती गाड्यांचं कोंडाळं, वायरलेसवर आरडाओरडा, आणि तुझ्या फोटोत दुसऱ्याच्या गाडीचं टप. जाऊबाईंना विचार, ताडोबात जिप्सींची गर्दी त्यांनी बघितलीच असेल.

आणि ताडोबाचं म्हणाल तर ताडोबा कमी नाही, माझं तर आवडतं रान आहे, पण ते बांबूचं जंगल, तिथे वाघ दिसतो तो दोन मिनिटं, नशिबाने. माराला नुसतं उघडं गवत, नजर पोचेल तिथपर्यंत जनावर. वाघ मात्र आफ्रिकेत नाही बरं का, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेव. गेंड्याचीही फार आशा धरू नका, माराला काळे गेंडे आहेत पण मोजकेच, गेंडा बघायचाच असेल तर ओल पेजेटा किंवा नाकुरू तळ्याकडे जावं लागतं, आणि आजी बरोबर असताना तेवढी धावपळ मी तरी करणार नाही.

आता हिशोब. तू 'दीडपट' म्हणालीस, पण दोन्ही कोटेशन शेजारी ठेवून बारीक अक्षरं वाच. स्वस्तवाल्यात पार्क फी धरलीय का? बऱ्याचदा 'लागू असेल त्याप्रमाणे' असं लिहून मोकळे होतात. 2024 पासून परदेशी पाहुण्याला मारा रिझर्व्हची फी जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज 200 डॉलर आहे, 9 ते 17 वयाच्या मुलांना 50. म्हणजे दिवाळीत तुम्ही चौघं एक दिवस आत गेलात की 650 डॉलर, तीन दिवसांचे 1950, आजच्या भावाने पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. शिवाय गाडी आणि ड्रायव्हर धरलाय का, की गेम ड्राइव्हचे, म्हणजे गाडीतून प्राणी बघायला जायचे, दर फेरीला वेगळे? कॉन्झर्व्हन्सीच्या कॅम्पात सहसा सगळं एकत्र असतं, जेवणखाण, दोन वेळचे ड्राइव्ह, कॉन्झर्व्हन्सीची फी, कपडे धुणंसुद्धा. एवढं सगळं मिळवून बघ, मग मला सांग दीडपट उरतं का. तरीही ते महागच पडेल, खोटं कशाला बोलू, बरे कॅम्प सीझनला माणशी रात्रीला 500 डॉलरपासून सुरू होतात आणि हजाराच्या वर कुठेही जातात. मग चार रात्रींऐवजी तीन करा. पाच रात्री गेटाबाहेर काढण्यापेक्षा तीन रात्री कॉन्झर्व्हन्सीत, हे माझं ठाम मत, यावर कुणीही माझ्याशी वाद घालू शकतं पण मी हलणार नाही. नदीवरचं ते प्रसिद्ध विल्डबीस्टचं क्रॉसिंग, म्हणजे त्या मोठ्या रानजनावरांचे कळप नदी ओलांडतात ते, बघायचं असेल तर कॅम्पवाले डबा बांधून एक दिवस रिझर्व्हमध्ये नेतात, त्या एका दिवसाची फी वेगळी भरायची.

पण थांब, दिवाळी. क्रॉसिंगचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बरेचसे कळप सेरेंगेटीकडे परत निघालेले असतात, नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊसही सुरू होतो. म्हणजे जाऊ नका असं नाही, सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ बारा महिने तिथेच असतात, गवत हिरवं होतं, गर्दी कमी. फक्त टीव्हीवर बघितलेलं क्रॉसिंग दाखवतो म्हणून कुणी पैसे घेत असेल तर देऊ नकोस, त्या जनावरांनाच माहीत नसतं आज उतरायचं की नाही, तासन्‌तास काठावर उभी राहतात आणि मागे फिरतात. मला विचारशील तर 26 जानेवारीला जोडून चार दिवस शाळा बुडवा, सहावीत काय बुडतंय? हवा कोरडी, रिझर्व्हची फी निम्मी, आणि नाताळचे चढे दर उतरलेले. मे महिन्यात मात्र अजिबात नको, आपल्याला मे म्हटलं की सुट्टी आठवते पण तिकडे एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो, काळ्या मातीत गाड्या रुततात, कित्येक कॅम्प बंदच ठेवतात.

सासूबाईंकडे येते, आणि इथे तंबूच्या आधी लसीचं बोलायचंय, कारण त्यावर सगळं अडेल. केनियाहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. केनियात शिरताना भारतातून थेट गेलात तर विचारत नाहीत, म्हणून लोक गाफील राहतात, आणि परत आल्यावर मुंबईला सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घ्यायची असेल तर गंभीर त्रासाची शक्यता तरुण माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे आईंचं वय, त्यांच्या चालू गोळ्या हे सगळं घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचार, मारा उंचावर आहे म्हणून धोका कमी, पण नाही असं नाही. डॉक्टर आईंना लस नको म्हणाले तर हट्ट करू नका, सरळ दक्षिण आफ्रिकेचा विचार करा. क्रुगर नॅशनल पार्कला लागून साबी सँड नावाचा खासगी राखीव भाग आहे, 1993 मध्ये मधलं कुंपण काढलं, प्राणी इकडून तिकडे फिरतात, बिबटे तर तिथे अप्रतिम दिसतात, आणि दक्षिण आफ्रिका या लसीच्या यादीत नाही. फक्त विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे घेऊ नका, आखातातून जा, म्हणजे लसीचा प्रश्नच येत नाही. तिथल्या व्हिसाला मात्र वेळ हातात ठेवा, केनियाचं ऑनलाइन परवानगीचं काम त्यामानाने सोपं आहे.

बरं, डॉक्टर हो म्हणाले असं धरू. तंबू म्हणजे आईंच्या डोळ्यासमोर एनसीसीचा तंबू असणार. फोटो दाखव त्यांना. लाकडी किंवा सिमेंटचा चौथरा, त्यावर जाड कॅनव्हास, आत खरा पलंग, गादी, मागे फ्लशचा संडास, गरम पाण्याचा शॉवर. (काही कॅम्पात शॉवरचं पाणी सांगितल्यावर बादलीने वर भरून देतात, ते आईंना आधी सांग, नाहीतर अंगाला साबण लावून बसतील.) चेन बंद असली की प्राण्यांच्या लेखी तो तंबू म्हणजे एक मोठा दगड, आत शिरायच्या भानगडीत ते पडत नाहीत. नियम एकच पण तो मोडायचा नाही: अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवायला जाताना, परत येताना टॉर्च घेऊन पहारेकरी येतो, तिकडे त्याला अस्कारी म्हणतात. आणि खाण्याची वस्तू तंबूत उघडी ठेवायची नाही, सिंह येत नाही त्यासाठी, माकडं येतात, आणि ती चेन उघडतात.

रात्री आवाज येणार हे मात्र त्यांना आधी सांगून ठेव. पाणघोडे रात्री चरायला बाहेर येतात आणि तंबूशेजारी गवत उपटताना कच्‌कच्‌ ऐकू येतं, तरस ओरडतं, सिंहाची डरकाळी तर आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, म्हणजे ऐकू आली म्हणून तो उंबऱ्याशी आहे असं नाही. नदीपासून लांबचा आणि जेवणाच्या जागेजवळचा तंबू मागून घे, पायऱ्या किती आहेत ते विचार, आणि दोन खोल्यांचा फॅमिली तंबू घ्या म्हणजे आई आणि मुलगी तुमच्याच छताखाली राहतील. एवढं करूनही त्यांचा जीव घाबरत असेल तर विजेचं कुंपण असलेले लॉजेसही आहेत, त्यातलं घ्या, जबरदस्ती करून काही मजा नाही.

त्यांच्या गुडघ्यांसाठी दोन गोष्टींवर पैसे खर्च कर. एक, नैरोबीहून विमानाने जा. रस्त्याने नारोकमार्गे पाच-सहा तास लागतात, आणि मुख्य रस्ता सोडला की कॅम्पपर्यंतच्या खडखडाटाला तिकडचे ड्रायव्हर हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. तो मसाज 71 व्या वर्षी नको. छोटं विमान विल्सन विमानतळावरून सुटतं, मुंबईचं विमान उतरतं तो विमानतळ वेगळा, मधे नैरोबीचा ट्रॅफिक आहे, तेव्हा हातात वेळ ठेवा. दुसरं, गाडी फक्त तुमच्या चौघांसाठी मागून घ्या. नाहीतर अनोळखी लोकांबरोबर बसवतात, त्यांना पक्षी बघायचे असतात, तुमच्या पोरीला चित्ता, आणि आईंना बाथरूमला जायचं असतं पण सांगायला संकोच. बाथरूम म्हणजे गाइड आधी झुडपामागे बघून येतो आणि मग तुम्ही जायचं, हे असंच असतं सगळीकडे, आपलीच गाडी असली की लाज वाटत नाही. आईंना मधल्या रांगेत बसव, मागच्या सीटवर फार आपटतं.

सामान माणशी 15 किलो, हातातली पर्स धरून, आणि मऊ बॅग, चाकांची कडक ट्रॉली त्या विमानात मावत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, आणि 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या बाटल्या वगैरेही नेता येत नाहीत, तेव्हा चिवडा-भडंग स्टीलच्या डब्यात, कॅरीबॅगांचा गठ्ठा घरीच. तसा चिवडा जास्त न्यायची गरजही नाही. केनियात आपली माणसं, विशेषतः गुजराती, पिढ्यान्‌पिढ्या आहेत, चपाती आणि डाळ तिकडच्या स्वयंपाक्यांना नवीन नाही. फक्त बुकिंगच्या वेळीच लेखी कळव: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, केकमधलंही नाही. आईंना उगाली नक्की खायला दे, मक्याच्या पिठाची घट्ट उकडच ती, बरोबर सुकुमा विकी म्हणजे पालेभाजी परतलेली. आवडेल त्यांना.

कपड्यांवर उगाच खर्च करू नका, सगळ्यांनी खाकी घालून शिकाऱ्यासारखं दिसायची गरज नाही, फक्त गडद निळा आणि काळा नको, त्से त्से माशी त्यावर येते. स्वेटर मात्र पाहिजेच. दुर्बीण दोन तरी घ्या, एकच नेलीत तर भांडणं होतील, मी सांगून ठेवते.

आणि ह्यांना विचार, तुम्हाला हा कॅम्प का आवडला? जमीनमालकांना भाडं जातं म्हणून आवडला असेल तर एजंटकडून कॉन्झर्व्हन्सीचं नाव लेखी घ्या, नुसतं 'इको' लिहिलंय यावर जाऊ नका. 2025 मध्ये तर माराच्या आत एका मोठ्या हॉटेल साखळीच्या नव्या कॅम्पवरून, प्राण्यांच्या वाटेवर बांधकाम केल्याच्या आरोपावरून कोर्टात केस झाली होती, तेव्हा भारी नाव म्हणजे चांगलं काम असं काही नसतं. गाइडचं सर्टिफिकेट कुठलं तेही विचारा, केनियाच्या गाइड असोसिएशनचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे आहेत, सिल्व्हरवाला मिळाला तर तुमच्या सहलीची मजा दुप्पट होईल, पूल असो नसो. टिप कोटेशनमध्ये नसते, ती वेगळी काढून ठेवा, गाइडला माणशी रोज 10 ते 20 डॉलर आणि बाकी स्टाफच्या डब्यात थोडं.

तर क्रम असा ठेव: या आठवड्यात आईंना घेऊन डॉक्टर, मग ह्यांच्याशी जानेवारीचं बोलणं, मग एजंट. डॉक्टरांचं उत्तर यायच्या आत अ‍ॅडव्हान्स भरू नकोस, आणि भरशील तेव्हा कॅन्सल केलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती परत मिळणार ते ईमेलवर मागून घे, फोनवर 'हो मॅडम, होऊन जाईल' म्हणतात ते नाही चालत.